दाढ चिऊची, कवळी माझी

...आणि वर मलाच सांगतात, ‘तुम्ही दातांवर बोलू नका!’ का बोलू नको? माझी कवळी आहे म्हणून? अहो, ज्याचे सगळे दात गेले त्याला नाही कळणार दातांची किंमत, तर कुणाला? पण तुम्हाला सांगतो, आमच्या घरात दातांवर बोलायचा हक्क फक्त बत्तीशी शाबूत असलेल्यांना! आणि त्यांचं म्हणणं काय, तर... ‘दुधाचेच तर आहेत, पडणारच आहेत ना!’

चिऊ म्हणजे माझी नात. तिला पहिला दात आला तेव्हा मी नुसतं म्हटलं, ओल्या फडक्याने पुसत जा गं. झालं! आमची ही कडाडली, ‘एवढुसा दात, त्याला काय पुसायचं? हिरड्या सोलून काढायच्यात का पोरीच्या?’ आणि स्वतः काय करायची? चोखणी मधात बुडवून तोंडात द्यायची! पोर रडली, मध. पोर हसली, मध. पोर गप्प बसली... गप्प का बसली म्हणून मध! ‘अहो, मध औषधी असतो.’ अगं, असेल, खोकल्याला असेल! दातांना लावून झोपवायला आहे का तो?

मुलाला म्हटलं, ब्रश आण. तर मोबाइलमधून मान वर न काढता, ‘बाबा, पेस्ट गिळली तर?’ अरे, तांदळाच्या दाण्याएवढी लाव, शेजारी उभा राहा! ‘राहू द्या हो, पडणारच आहेत ना!’ सूनबाई त्याच्याही वरताण. ‘ती स्वतःच घासते की!’ घासते? ब्रश चावते, पेस्ट चाटते, आरशावर फेस उडवते, आणि हे तिघं उभे राहून टाळ्या वाजवतात!

मग दाढ काळी पडली. मी दाखवली. ‘डाग आहे हो, जाईल.’ मग चिऊ एकाच बाजूने चावायला लागली. ‘नखरे नुसते!’ मग गाल सुजला... आणि पोर माझ्या मांडीवर येऊन, गालाला हात लावून बसून राहिली. रडेनासुद्धा. तेव्हा मला असा संताप आला म्हणून सांगू... कारण ती कळ कशी असते, ते त्या घरात एकट्या मला ठाऊक आहे हो.

गेलो दवाखान्यात, सगळी वरात. डॉक्टरीणबाईंनी तोंडात उजेड टाकला नि म्हणाल्या, ‘मुळाशी पू झालाय. काढावी लागेल. आणि हिच्या जागी पक्की यायला ही पोर दहा-अकरा वर्षांची व्हायला हवी. तोवर शेजारचे दात जागा बळकावतात, मग पक्की येते वाकडी.’ मुलगा चाचरत म्हणतो, ‘पण... दुधाचीच ना? पडणारच...’ ‘दुधाची म्हणून दुखत नाही का?’ अस्सं! जीव थंडावला माझा! म्हटलं, आता बाई एकेकाची हजेरी घेणार. तर बाई वळल्या कुणाकडे? माझ्याकडे! कवळी निरखत म्हणाल्या, ‘आजोबा, लाडाने गोड तुम्हीच भरवलंत ना?’ आणि तुम्हाला सांगतो, आमच्यातलं एक माणूस ‘नाही’ म्हणालं नाही! हिने तर चक्क मान डोलावली! मी तोंड उघडलं, तर माझा हात दाबून म्हणते, ‘तुम्ही बोलू नका.’

दाढ काढली. चिऊ कापसाचा बोळा चावत घरी आली, डोळे रडून लाल, आणि ही दारातूनच शेजारणीला सांगते, ‘पडली एकदाची! मी म्हणतच होते, पडणारच आहे!’ पडली? अगं, पडली? उपटली ती!

संध्याकाळी मी मोरीत कवळी धूत होतो. चिऊ हळूच येऊन उभी राहिली. कवळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बोबडं बोलत म्हणाली, ‘आजोबा, माझी पक्की येईपर्यंत तुमचे दात मला वापरायला द्याल?’

काय सांगणार त्या पोरीला? म्हटलं, घे बाई, खुशाल घे. नाहीतरी या घरात मला बोलायला लागतात कुठे!