आपल्या पेपरात नाही आलं

— नाही, तसं नाही, पहिले बसा. उभ्या उभ्या अशा गोष्टी बोलत नसतात. हां. तं तुमी म्हणता, तुमी उत्तमच्या संग जेलात होते. असान. जंगल सत्याग्रहात लय लोक धरले सरकारनं, राखीव रानातलं गवत कापलं म्हणून, त्यात माहा उत्तम होता, तुमीही असान, मी कुठं नाही म्हणतो? नाव काय म्हणलं — लक्ष्मीकांत. जळगावचे. अनंतराव वकिलाचे पुतणे तं नाही? हाव ना, नाकावरूनच ओळखलं मी. मंग झालं. राग नका मानू, पण वकिलाच्या घरातून निंघालेली बातमी या ओट्यावर कोणी मानत नाही. नागपूरच्या कौन्सिलची निवडणूक झाली तवापासून आमचं न् त्यायचं फाटलं. त्यायच्या पेपरानं आमच्या माणसाले सरकारचा हुजऱ्या म्हणलं, आमच्या पेपरानं त्यायले काय म्हणलं ते तुमच्या तोंडावर नाही सांगत — पाव्हणा माणूस दारात आला, त्याले टाकून कशाले बोला.

आता तुमी जळगावात राहणारे, तुमाले गावाची रीत मालूम नसन. या गावात दोन पेपर येतेत. टपालाच्या एकाच थैलीतून येतेत, पण तथून पुढं त्यायची सोयरीक नाही. काँग्रेसवाल्यांचा पेपर मारुतीच्या पारावर जाते, तो पुंजाजी वाचते. आपल्या पार्टीचा या ओट्यावर येते, तो मी वाचतो — शेषराव पाटील वाचते म्हणून माणसं येतेत, नाहीतर दुपारच्यानं कोण जागं राह्यते? पाराच्या माणसानं ओट्याचं आयकू नये, ओट्याच्या माणसानं पाराचं आयकू नये, असा काही ठराव नाही झाला, पण कोणी आयकत नाही. एका साली पारावर वाचलं का कपाशीवर अळी पडून राह्यली, वावरं पाहा. आमच्यातला एक माणूस वावरात गेला नाही. त्यायच्या पेपरातली अळी, ती खरी कशी असन? अर्धी कपाशी खाल्ली तिनं. मंग आमी काय म्हणलं मालूम हाय का — म्हणलं, अळी त्यायनंच आणली. हासा, हासा. मीही हासतो कधी कधी.

अन् ते गवत कापाले गेले त्या दिवशी मी स्वतः गेलो होतो सातपुड्याच्या पायथ्याले. पाहाले, बाकी काही नाही. मुंगीले वाट नव्हती हो. बायका, म्हातारे, हातात विळा, गळ्यात हार — त्यायच्या पेपरात आलं, हजारोंचा समुदाय. आपल्या पेपरात आलं, मूठभर टवाळ पोट्टे. मी या इथं बसून मोठ्यानं वाचलं — मूठभर. डोळ्यानं पाह्यलं होतं, तरी वाचतानी मले वाटे का पेपराचंच खरं असन, माहीच नजर फसली असन. उत्तम त्या खांबाले टेकून उभा होता. पहिल्या दिवशी पोलिसांनी त्याले सोडून देल्लं होतं. सारे उठून गेल्यावर म्हणते कसा — बाबा, तुमी तं तथीच होते. उद्या तुमच्या पेपरानं छापलं का शेषराव पाटलाले पोरगाच नाही, तं तेही वाचसान का? मी म्हणलं, छापलं तं वाचीन. निंघते माणसाच्या तोंडून, राग असते. त्यानं मनावर नाही घेतलं, हासला तो. मायच्या हातची भाकर खाऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा गवत कापाले गेला, तो धरला. पण घरून हासून गेला, एवढं ध्यानात ठेवा.

तुमी काही सांगू नका अजून, मले बोलू द्या. आपल्या पेपरात काय आलं ते आयका. आलं का जेलातले सारे सत्याग्रही खुशाल हायत, अन् कोणी मेल्याच्या ज्या बातम्या उठून राह्यल्या त्या काँग्रेसवाल्यांनी लोकांची माथी भडकवाले उठवल्या. छापेल हाय असं. उत्तमच्या मायले मी रोज वाचून दाखवतो. तिले अक्षर येत नाही. पेपर घडीवर फाटला, आता मले पाहाचंही काम पडत नाही, पण समोर धरावाच लागते, नाहीतर तिले वाटते मी मनानं सांगून राह्यलो. खुशाल हायत, एवढं आलं का ती म्हणते, पुन्हा वाचा बरं तेवढं. मी पुन्हा वाचतो. मंग ती उठते अन् चुलीकडं जाते. आता तुमी म्हणता का हे खोटं. तुमी त्या पार्टीचे, तुमी दुसरं काय म्हणसान?

अन् समजा. घडीभर तुमचं खरं धरू. तं मंग सरकारी कागद काऊन नाही आला? इंग्रजाचं असलं तरी सरकार हाय, जेलात माणूस गेला तं बापाले कळवते का नाही? अन् मी काही कोणी ऐरागैरा नाही, पाटील हाय, तहसीलदार मले नावानं ओळखते — काय म्हणता? बापाचं नावच नाही सांगतलं? कचेरीत इचारलं तरी नाही? म्हणे बाप नाही मले. हे पाहा, मंग तो माहा उत्तम नाहीच, जगात काय एकच उत्तम हाय का — काऊन? काऊन नाही सांगतलं त्यानं?

माही पाटिलकी जाईन म्हणून.

असं म्हणला तो. तुमाले म्हणला? का वकील काकानं शिकवून धाडलं? नाही, त्याच्यासारखंच वाटते. लहानपणीही मार खाये पण दुसऱ्याचं नाव घेत नसे. अन् हे तो शुद्धीत असतानी बोलला, का तापात बरळला? तापात माणूस काहीही बरळते, त्याचं — काय? असं काय पाहता? ताप मले कसा मालूम? तुमीच म्हणले ना आता. नाही म्हणले? म्हणले असान, तुमच्या ध्यानात नसन.

नाही म्हणले तुमी. खरं हाय. पुंजाजी म्हणला. बाजाराच्या आदल्या दिवशी मी पारापुढून चाललो होतो अन् पुंजाजीचं वाचणं बंद झालं. तुमाले काय सांगू, मले पाहून तो कधीच थांबत नसे. उलट आवाज चढवे, पाटलाच्या कानात जावं म्हणून. त्या दिवशी त्यानं पेपराची घडी केली अन् खाली पाह्यलं. पारावरचे सारे उभे राह्यले. ज्यायनं दोन वर्षांत मले रामराम नाही घातला, ते उभे राह्यले. पुंजाजी मांगं मांगं आला वावराच्या रस्त्यानं. म्हणे, पाटील, आपलं वैर पेपराचं. म्हणे, तापानं गेला, आमच्यात आलं हाय. मी म्हणलं, तुमच्या पेपराचं मले सांगू नको. तसंच म्हणलं मी. तो तथीच उभा राह्यला, अन् मी विहिरीवर गेलो अन् अंगावरच्या कपड्यासगट डोक्यावरून पाणी घेतलं. धोतर, बंडी, पागोटं, सारं ओलं. घरी सांगतलं, पाय घसरला. मानलं नव्हतं मी, आताही मानत नाही. पण मौतीची खबर कानावर आली का असं न्हावं लागते. खोटी निंघाली तं निंघाली, एक आंघोळ जास्त झाली. अन् खरी असली तं — लेकराच्या नावानं कोणीच नाही न्हालं असं नको व्हाले. बापाचं नाव नव्हतं सांगतलं तरी.

तुमी रडू नका. तुमी रडले तं मी काय करू? अन् हळू बोला, ती आत कपाशी निसून राह्यली, तिले आवाज जाईन.

आता एक आयका माहं. साऱ्या जिल्ह्यात मी सांगत फिरलो का काँग्रेसवाले खोटं बोलतेत. या ओट्यावर मोठ्यानं वाचलं. एकालेही खोटं बोलतानी मी पकडलं नाही, छापेल होतं म्हणून वाचलं. तं आज एक डाव बोला खोटं. माह्यासाठी नका बोलू, मी तुमच्या काकाचा दुश्मन हाय. तिच्यासाठी बोला. सांगा का बरा हाय, जेवते, सुटाले येळ हाय. माह्या वाचण्यावर तिचा आता भरवसा नाही राह्यला, मले दिसते ना. काल म्हणे, त्या पाराच्या पेपरात काय आलं ते आणा बरं कोणाकडून. आपला पेपर सोडून ती त्यायचा मांगून राह्यली. तुमचं ती मानीन. तुमी त्याच्या संगचे.

अन् अजून एक. ती पाणी घेऊन येईन. आमच्याकडं मौत सांगाले आलेला माणूस त्या घरचं पाणी पेत नसते, तिले मालूम हाय. ती तुमच्या तोंडाकडं नाही पाह्यणार, तांब्याकडं पाह्यन. तं पेजा. तुमचा नेम असन, मन होत नसन, तरी पेजा. मंग उठा अन् चालते व्हा, मलकापूरची मोटर हुकन, अन् पुन्हा या गावात पाय ठेवू नका.

आली पाहा. — ये, रुखमा. कोणी नाही, उत्तमच्या संगचे हायत, जळगावचे. मोटरीची घाई हाय त्यायले. दे, तांब्या दे. घ्या हो पाव्हणे, पाणी घ्या. उन्हातून आले.

घ्या ना.