फायरवॉलबाहेर राहिलेले साहेब

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील मान्यवर, संगणक विभागातली तमाम मंडळी, आणि आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे आमचे हे!

निवृत्त होणाऱ्या साहेबांच्या पत्नीने दोन शब्द बोलावेत, असा आपण आग्रह केलात. दोन शब्दांत माझं कधी भागलंय का? ह्यांनाच विचारा.

साहेबांच्या कडकपणाबद्दल मघापासून ऐकते आहे. पण तुमची संध्याकाळी सुटका तरी व्हायची. माझ्या घरी कपड्यांच्या कपाटावर सर्व्हर बसवलाय! कुठूनही उघडता यावा म्हणून सर्व्हर, आणि कुणालाही उघडता येऊ नये म्हणून त्याला फायरवॉल. हसू नका, मीही हसले होते. "नोंद असलेल्या जागेवरूनच ती आत घेते," हे म्हणाले, "आणि पासवर्ड सारखा चुकला, की नोंद असली तरी बाहेर!"

मलाही शिकवणी होती. फोनवर कुणी काही टाईप करायला सांगितलं तर करायचं नाही, आवाज ह्यांचा असला तरी. आधी खुणेचा प्रश्न: आपलं पहिलं भांडण कशावरून झालं?

मग आमच्या लेकीचा प्रबंध सादर करायचा दिवस आला. ती दूरच्या विद्यापीठात. सकाळीच लॅपटॉपवर कॉफी सांडली. प्रबंधाची दुसरी प्रत आमच्या कपाटावर, मुदत संध्याकाळची. फायरवॉल तिला दाद देईना, कारण तिच्या नव्या खोलीची नोंद करायला हे विसरले होते. स्वतःच्या हॉटेलची मात्र केली होती! हो, हे परगावी होते. सुरक्षिततेवर व्याख्यान द्यायला. घाईघाईत हॉटेलमधून तिची नोंद करायला बसले, घाबरून पासवर्ड चुकवत गेले, आणि फायरवॉलने ह्यांनाही बाहेर काढलं.

फोन वाजला. "अगं, घरच्या संगणकासमोर बस आणि मी सांगतो ते टाईप कर."

"पहिलं भांडण कशावरून झालं?"

"वेळ नाहीये गं!"

"भामटेही हेच म्हणतात. तुम्हीच सांगितलंत."

"बरं बाई. पडद्यांच्या रंगावरून."

साफ चूक! मी फोन ठेवला. तो लगेच पुन्हा वाजला.

"हे बघा, तुम्ही कोण ते मला माहीत नाही," मी ठणकावलं, "पण आमचं भांडण ह्यांच्या घोरण्यावरून झालं होतं."

"मी घोरत नाही!"

मंडळी, भामटा असता तर काय म्हणाला असता? "हो हो, घोरतो" म्हणून मोकळा झाला असता. लेकीची इतक्या वर्षांची मेहनत टांगणीला लागलेली असतानाही हे कबूल न करणारा माणूस जगात एकच आहे. मी मुकाट्याने लेकीच्या खोलीची नोंद टाईप करायला बसले.

प्रबंध वेळेत पोचला. मग पुन्हा ह्यांचा फोन आला. नुसतं नाक ओढल्याचा आवाज. तुमचे कडक साहेब रडत होते हो! त्या दिवशी मला हा माणूस फार आवडला. आजही आवडतो, भर सभेत सांगते.

इतकी वर्षं तुम्ही ह्यांना जीव लावलात, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात काही कमीजास्त झालं असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. मी आता पटकन खाली उतरते, कारण हे उठलेत, आणि माईक मागताहेत.