दिवसाला वीस

विलास : मला बस चालली असती.

नीरजा : बस अर्ध्या तासापासून आलेली नाही. बर्फ बघा किती पडतोय. बेल्ट लावा, विलासराव.

विलास : दोन वर्षं झाली या ऑफिसात. रिचमंड हिलहून स्कारबरोपर्यंत कधी कोणी म्हटलं नाही, की चल, घरी सोडतो. आज टीम लीड स्वतः म्हणून राहिली. घरी सोडून राहिले की कामावरून काढून राहिले, तेवढं आधी सांगा मॅडम.

नीरजा : ऑफिसात मला नीरजा म्हणता. गाडीत बसल्यावर मॅडम कशी झाले?

विलास : ऑफिसात इंग्रजी चालते. इंग्रजीत सगळे सारखेच वाटतात. मराठीत आलं की माणूस वरचा आहे का बरोबरीचा, ते लगेच ध्यानात येते.

नीरजा : मला एक विचारायचंय. केबिनमध्ये बोलावलं असतं तर मार्कनं काचेतून पाहिलं असतं. आणि मॅनेजरला एकदा शंका आली की तो सोडत नाही.

विलास : पाहा. म्हणजे आहेच काहीतरी.

नीरजा : मंगळवारी तुम्ही वीस टेस्ट पास दाखवल्यात. त्यातल्या शेवटच्या आठ, चार चाळीस ते पाच या वेळात. एका टेस्टला पंचवीस मिनिटं लागतात.

विलास : तुम्ही माझं घड्याळ तपासून राहिले?

नीरजा : तुमचं नाही. पंप स्वतःची नोंद ठेवतो. साडेचारनंतर तो पंप चालूच नव्हता.

विलास : मशीनही चुकते ना जी.

नीरजा : ते कुठे चुकतं हे बघायचाच आपल्याला पगार मिळतो. पेशंटच्या शिरेत औषध सोडणारा पंप आहे तो. नळीत हवेचा बुडबुडा आला तर अलार्म वाजला पाहिजे. त्या आठ टेस्ट सगळ्या त्याच्याच होत्या. तुम्ही केल्यात का?

विलास : हे तुमच्या फोनमध्ये रेकॉर्ड होऊन राहिलं का?

नीरजा : काय?

विलास : फोन तिथे समोर ठेवला म्हणून विचारलं.

नीरजा : हा घ्या. तुमच्याकडेच ठेवा. बंद करा हवा तर.

विलास : केला. आता त्या फॉर्मचं बोला.

नीरजा : कुठला फॉर्म?

विलास : कामाच्या ताणाचा. ते वर्कशॉप झालं, त्या दिवशी सगळ्यांना वाटला. 'नाव लिहू नका, मोकळेपणानं लिहा.' आणि उजव्या कोपऱ्यात बारीक नंबर. माझ्यावर बत्तीस, चारुदत्तवर एकतीस. मी पाहिलं. चारुदत्त भोळा माणूस. त्यानं लिहिलं, छातीत धडधडते, जेवण जात नाही. तीन आठवड्यांत गेली त्याची नोकरी. मी लिहिलं, ताण शून्य, काम फार आवडते.

नीरजा : चारुदत्त फॉर्ममुळे नाही गेला. त्याचा पूर्ण प्रोजेक्टच बंद झाला. खालच्या मजल्यावरचे अकरा जण गेले, त्यातल्या निम्म्यांनी फॉर्म भरलाही नव्हता.

विलास : तुम्हाला इतकं बारीक कसं माहीत?

नीरजा : यादी पाहिली होती मी.

विलास : म्हणजे यादी होती! घरी बायकोला, अरुणाला, मी रोज सांगतो, की यादी असते. ती म्हणते, तुमच्या डोक्यातलं खूळ आहे.

नीरजा : होती. आपल्या टीमचीही होणार होती. जानेवारीत मार्कनं माझ्याकडे दोन नावं मागितली.

विलास : गाडी थांबवा.

नीरजा : हायवेवर?

विलास : मग सांगा. कोणाची दिली?

नीरजा : कोणाचीच नाही. मी म्हटलं, माझ्याकडे दोन जागा रिकाम्या आहेत, त्या कायमच्या काढून घ्या. नऊ जणांचं काम आम्ही सात जण करू. तसं लिहून दिलं.

विलास : आणि दिली असती तर?

नीरजा : सगळ्यात शेवटी लागलेले दोघं. तुम्ही आणि ऊर्मी.

विलास : म्हणजे मी गेलोच असतो.

नीरजा : दिवसाला पंधराच्या वीस टेस्ट झाल्या, त्या तेव्हापासून. तुम्हाला वाटलं असेल, वरून आल्या. त्या माझ्या हातच्या आहेत.

विलास : आम्हाला काहून नाही सांगितलं?

नीरजा : सांगितलं असतं तर तुम्ही सगळे घाबरला असता.

विलास : तसेही घाबरलेलेच होतो, मॅडम. फक्त कशाला ते माहीत नव्हतं.

नीरजा : आणि तुम्ही मला का नाही सांगितलंत, की वीस होत नाहीत? दर सोमवारी मी मीटिंगमध्ये विचारायचे. तुम्ही सगळ्यात आधी मान हलवायचात.

विलास : नागपुरात माझ्या हाताखाली चौदा माणसं होती. एखादा म्हणाला, साहेब, जमत नाही, की मी त्याच्या नावापुढे खूण करायचो. मला माहीत आहे ना, खूण कशी होते ते.

नीरजा : खरं सांगा. मन लावून केल्या तर दिवसाला किती होतात?

विलास : बारा.

नीरजा : बारा?

विलास : तेरावीपासून डोळ्यापुढे आकडे हलतात. वर्कशॉपच्या बाईनं सांगितलं होतं, ताण वाढला की चार आकडे मोजत श्वास घ्या. घेतला बाप्पा. त्यातच वेळ जाऊन राहिला. मंगळवारी साडेचारला बारा झाल्या होत्या आणि आठ उरल्या होत्या. पंपाच्या आधीच्या आवृत्तीत त्या आठही पास होत्या. म्हटलं, आताही असतीलच. खुणा करत गेलो. पहिल्या खुणेला वेळ लागला, आठवीला लागला नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

नीरजा : आधी कधी केलंत असं?

विलास : नाही. पोरीची शपथ घेतली असती, पण तुम्ही विश्वास ठेवणार नाही. पंपाच्या नोंदी पाहा. सगळ्या पाहा.

नीरजा : पाहिल्या. काल दिवसभर तेच केलं. फक्त मंगळवार.

विलास : मग आता?

नीरजा : सोमवारी तो पंप हॉस्पिटलांना जायचाय. आज घरी गेल्यावर मी मार्कला लिहिणार, की थांबवा.

विलास : आणि माझं नाव.

नीरजा : लिहावं लागेल.

विलास : तुमचं लिहिणार का? नऊ जणांचं काम सात जणांवर घातल्याचं? की फक्त खालच्याचंच नाव जाते?

नीरजा : आधी माझं लिहीन. तुम्हाला खरं वाटत नाहीये.

विलास : नाही वाटत.

नीरजा : मग फोन चालू करा. इथेच गाडी बाजूला घेते. मी सांगते, तुम्ही टाइप करा. पाठवायचं बटणही तुम्हीच दाबा.

[तीन आठवड्यांनंतर. तीच गाडी, संध्याकाळचे सव्वापाच. रस्ते कोरडे, बाहेर अजून ऊन आहे.]

विलास : आज मार्कनं बोलावलं होतं तुम्हाला. बराच वेळ दार बंद होतं.

नीरजा : परत शंका?

विलास : सवय आहे जी. एकदम नाही जात.

नीरजा : त्यानं पत्र दिलं. मी आता लीड नाही. उद्यापासून टीम मार्क स्वतः बघेल. मी तुमच्याच रांगेत, खिडकीजवळच्या टेबलावर.

विलास : माझ्यामुळे.

नीरजा : माझ्या सहीमुळे. तुम्हाला काय मिळालं?

विलास : लेखी ताकीद. सहा महिने माझ्या प्रत्येक टेस्टवर ऊर्मीची दुसरी सही. माझ्या पोरीएवढी आहे ती. पहिल्या दिवशी लाज वाटली. मग दिसलं, तिची नजर तेज आहे. माझ्या नजरेतून सुटलेलं तिला दिसते.

नीरजा : परत केलेल्या त्या आठांपैकी एक नापास झाली, हे तिनंच शोधलं ना?

विलास : हो. बुडबुडा आल्यावर अलार्म वाजला, पण नऊ सेकंद उशिरा. आम्ही दोघं तिथे बसून पाहून राहिलो होतो. मी मनात म्हटलं, वाज, वाज. नऊ सेकंद किती लांब असतात, मॅडम, तुम्हाला सांगता येणार नाही.

नीरजा : नीरजा.

विलास : नीरजाताई म्हणतो. तेवढ्यावर भागवा.

नीरजा : चालेल. पंप एक महिना पुढे गेलाय. टेस्ट दिवसाला बाराच राहणार, आणि रिकाम्या जागांपैकी एक परत भरणार. मार्क हसून नाही बोलला, पण बोलला. त्यापुढचं त्यालाही माहीत नाही. जूनपर्यंत तरी यादी नाही, म्हणाला.

विलास : तुम्ही विश्वास ठेवला?

नीरजा : अर्धा. उरलेल्या अर्ध्यासाठी रेझुमे नीट करतेय. तुम्हीही करा. शनिवारी आमच्याकडे या, अरुणावहिनींना घेऊन. जेवू, आणि दोघांचेही बसून बघू. काय? जमेल ना शनिवारी? ... विलासराव? ... झोपलात? बरं. झोपा. तुमची मार्कम रोडची एक्झिट आली की उठवते.