बाबांचं वर राहिलेलं बोट

आमच्या सांगलीच्या चर्चमध्ये एक नियम होता आणि तो का आहे, हे विचारायची सोय नव्हती. उपासनेत कुणी मध्येच मोठ्याने प्रार्थना करू लागलं की पुढच्या बाकावरच्या पंचांनी बोट वर करायचं आणि मी पेटी जोरात वाजवायची. म्हणजे तो आवाज बुडायचा आणि शिस्त राहायची. पंचांत माझे बाबाही होते.

तर बहात्तरच्या दुष्काळात आत्या, बाबांची थोरली बहीण, दहिवडीहून आमच्याकडे राहायला आली. तिकडे ती मांडवातल्या सभांना जायची. तिथे लोक टाळ्या वाजवत, रडत प्रार्थना करायचे. पहिल्याच रविवारी गीत संपलं आणि आत्या हात वर करून उभी राहिली.

"देवा, आलास व्हय रं!"

मागे पोरी फिदीफिदी हसल्या. बाबांचं बोट वर गेलं. मी वाजवू लागले. आत्याने आवाज चढवला, तसा मी भाता आणखी जोरात हाणला. बी.ए. झालेली मी, देवाशी बोलणाऱ्या म्हातारीचं तोंड बंद करत होते! इतकी लाज वाटली की मी पेटीवरून हातच काढले.

आता फक्त आत्या ऐकू येत होती. "देवा, माज्या भावाला माजी लाज वाटती. तू त्याच्यावर रागवू नगंस."

"वाजव," बाबा दबक्या आवाजात म्हणाले.

"नाही वाजवणार. तुम्हीच या आणि वाजवा."

बाबांचं बोट अजून वरच होतं. ते खाली कसं घ्यावं, हे त्यांना सुचत नव्हतं.