ऐन वेळी मान वर

कपडे बदलायच्या खोलीबाहेर रांग होती. माझ्यापुढे दोघी नणंद-भावजय, अंगावरून पाणी निथळत असलेल्या.

“वहिनी, सूर मारायला सांगितलं, तर तू फळी आपटावी तशी पडतेस.”

“पोटाची नुसती आग होतेय गं.”

“होणारच. काठावर बसतेस छान. हात कानाला, हनुवटी छातीला, सगळं बरोबर. आणि ऐन वेळी मान वर.”

“आपोआप होते.”

“आपोआप कशी? समोर असं काय बघायचं असतं?”

“तुझा दादा तिथेच उभा राहायचा. हात पसरून. ‘मार, मी आहे.’ दर रविवारी.”

“आणि तू?”

“केस ओले होतील म्हणायचे. त्याचा टॉवेल मांडीवर घेऊन बसायचे.”

“शेवटच्या आजारात मला म्हणाला होता, ‘तूच शिकव हिला.’ मीही ‘बघू की’ म्हणाले. तो असतानाच शिकवायला हवं होतं.”

“जाऊ दे. रांग सरकली बघ.”

“वहिनी, उद्यापासून असं कर. डोळे मिटून मार. म्हणजे मान वर जाणार नाही.”

“मिटलेलेच असतात गं.”