अर्धा फेरा सैल

सन्माननीय अध्यक्ष डॉक्टरसाहेब, आपल्या रंगाच्या दुकानावरची खोली ज्यांनी आमच्या ट्रॅकला दिली आणि आमचा आरडाओरडा निमूटपणे सोसला, ते प्रमुख पाहुणे पेंटवाले शेठ, आजचे सत्कारमूर्ती टेलरमास्तर, मास्तरीणबाई, आणि खेळण्यातल्या गाड्यांपायी घरच्यांची बोलणी खाणाऱ्या माझ्या तमाम बंधू-भगिनींनो,

मास्तर दुकान आवरून लेकीच्या गावी राहायला चालले आहेत. अशा प्रसंगी वक्त्याचा कंठ दाटून येतो. माझाही आलाय. पण दुःखानं आलाय की जळफळाटानं, ते माझं मलाच कळेनासं झालंय. हसू नका हो, खरं सांगतोय. सत्काराच्या भाषणात खोटं बोलायची सोय असते हे मला ठाऊक आहे, पण मला ती जमत नाही.

सभागृहात बरीच पाहुणेमंडळी आहेत, म्हणून दोन शब्दांत सांगतो. आमचा ट्रॅक लाकडी. त्यात खाचा. गाडीच्या नाकाखाली एक खुंटी, ती खाचेत बसते. तांब्याच्या पट्ट्यांतून वीज मिळते आणि हातातल्या कंट्रोलरचा घोडा दाबला की गाडी पळते. स्टिअरिंग नाही, ब्रेक नाही. पाहुणे विचारतील, मग यात कौशल्य ते काय? अहो, सगळं कौशल्य शर्यतीच्या आधीच! मागची चाकं सँडपेपरवर फिरवून एकसारखी घासायची, गिअरच्या दात्यांना तेलाचा थेंब द्यायचा, खुंटीजवळचे, वीज उचलणारे तारांचे झुबके विंचरायचे, वजनाला शिशाचा तुकडा कुठे चिकटवायचा ते शोधत बसायचं. हे सगळं मी करतो. मास्तरांपेक्षा जास्त करतो. आणि दुसरा येतो.

दुसरा! या माणसानं नाकावर टिच्चून मला कायम दुसरा ठेवला. बरं, त्यांची गाडी बघाल तर रंग उडालेली, हातात घेऊन हलवली की खुळखुळ वाजणारी. माझी चकचकीत, ठणठणीत. तरी वळणावर त्यांची गाडी लोण्यातून सुरी जावी तशी जाते आणि माझी उडून जमिनीवर. माझ्या पोटात दुखायचं. अजूनही दुखतं. डॉक्टरसाहेब, तुमच्याकडे यावर औषध नाही, मी विचारून झालंय.

एकदा न राहवून मी म्हणालो, "मास्तर, गाडी वाजतेय तुमची. स्क्रू ढिले झालेत."

"झाले नाहीत, केलेत," मास्तर म्हणाले. "पूर्ण आवळायचे आणि मग अर्धा फेरा सोडायचे. खालचा सांगाडा वेगळा, वरची बॉडी वेगळी. बॉडी जराशी हलू द्यायची, म्हणजे धक्का ती खाते आणि चाकं ट्रॅक सोडत नाहीत. कोटाला बगलेत सैल नाही सोडलं, तर माणूस हात कसा वर करणार?"

आता तुम्हीच सांगा, कायम पहिला येणारा माणूस आपलं गुपित दुसऱ्याला असं फुकटात सांगेल? मला वाटलं, हा मला बनवतोय. मी घरी जाऊन स्क्रू आणखी आवळले.

त्यात माझा धंदा प्लंबरचा. नळ बसला, पाणी थांबलं, तरी माझा हात शेवटचा एक पीळ दिल्याशिवाय राहत नाही. आमच्याकडे सैल म्हणजे गळणार. घरात लोणच्याची बरणी मी बंद केली की ती परत मलाच उघडावी लागते. आमची ही त्यावर काय काय बोलते, ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही.

हिचाही उल्लेख करायलाच हवा. शर्यतीत ही वळणापाशी बसते. खाचेतून सुटलेली गाडी उचलून परत लावणं हे तिचं काम. म्हणजे ओघानं आलंच, माझी गाडी उचलणं हे तिचं काम. मास्तरांच्या गाडीला तिचा हात क्वचितच लागायचा, आणि तो खुळखुळा समोरून जाताना ती त्याच्याकडे अशा कौतुकानं बघायची! तेही माझ्या डोळ्यांत खुपायचं. लग्नाच्या बायकोनं दुसऱ्याच्या गाडीकडे इतकं बघावं का हो?

आज दुपारी मास्तरांची इथली शेवटची शर्यत झाली. मास्तर जाणार म्हटल्यावर मी पहिला येणार, हे शेंबडं पोरही सांगेल. पण पहिला नंबर उठून गेला म्हणून मिळालेलं पहिलेपण मी कुठे मिरवू? मला यांना यांच्या देखत हरवायचं होतं. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी स्क्रू अर्धा फेरा सोडले. आणि सरावात काय पळाली हो माझी गाडी! वळणावर हूं नाही की चूं नाही. मास्तर स्वतः म्हणाले, "प्लंबर, आज तुमचं जमलं."

मग शर्यतीआधी मी गाडी पुसायला घेतली. दुसऱ्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. पुढचं मला खरंच आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की दुसऱ्याच वळणावर माझी गाडी उडाली ती थेट हिच्या मांडीवर.

हिनं ती हलवून पाहिली. आवाज आला नाही. "आवळलंत ना?" ही म्हणाली. मास्तर इतके हसले, इतके हसले, तरीही पहिलेच आले.

आणि आत्ता, माझं नाव पुकारण्यापूर्वी, मास्तरांनी इथे जाहीर केलं, "माझी गाडी प्लंबरच्या घरी राहील." मी खुर्चीतून अर्धा उठलो. हातही पुढे केला. पुढचं वाक्य आलं, "वहिनींकडे." तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उभ्या उभ्या वाजवल्या, कारण बसायला तोंड नव्हतं.

मास्तर, तुम्ही चाललात याचं मला वाईट वाटतं. फार वाटतं. तुमच्यावर जळण्यात माझी रविवारची सकाळ कशी जायची, कळायचंही नाही. लेकीकडे सुखात राहा, पण तिथे कुणाकडून हरू नका. तो मान माझा आहे.

आयोजकांचे, शेठजींचे, अध्यक्षांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुठे सैल सुटलं असेल, कुठे जास्त आवळलं गेलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. मी इथेच थांबतो. पुढच्या रविवारी शर्यत आहे, आणि मघापासून मी खिसे चाचपतोय. माझा स्क्रूड्रायव्हर पहिल्या रांगेत आमच्या हिच्या पर्समधून डोकावतोय.