नवाबाची मेंढरं

तुम्ही चहा घ्या, मी सांगतो. वरवंडला आम्ही भाड्यानं व्हिडिओ आणून एक जुना उर्दू पिक्चर लावला होता. आमच्या आबांना त्यातलं काहीच कळंना, म्हणून शेजारचे शमशूमामा त्यांना मराठीत सांगत बसले. मधीच पिक्चरमधला नवाब ढसाढसा रडायला लागला.

“काय झालं रं त्याला?” आबांनी विचारलं.

“पुरात मेंढरं वाहून गेली त्याची.”

जन्मभर मेंढरं राखलेले आबाबी रडले. पिक्चर संपल्यावर मी म्हणालो, “मामा, त्यात एकबी मेंढरू न्हवतं!”

“मला तरी एवढं उर्दू कुठं येतं? आबा विचारायचे थांबंनात, मग काय करू?”

आबा डोळे पुसत म्हणाले, “नवाब मेंढरं राखत न्हाई, एवढं कळतं मला. पण माझी वाहून गेली तवा माझ्यासंगं कुणी रडलं न्हवतं.”